माळ्यावरच्या चपला

घट बसायच्या आदल्या संध्याकाळी दशरथाने आपल्या चपला वर्तमानपत्रात गुंडाळल्या, वर सुतळी बांधली आणि स्टुलावर चढून त्या माझ्या माळ्यावर ठेवल्या. तिथे आधीच एक पुडकं होतं. त्याच्या बाजूला त्याने आपलं पुडकं सरकवलं.

मी खाली कुळीथ निवडत बसलो होतो. म्हटलं, "हे काय?"

"बायचो नेम," तो म्हणाला. "औंदा मी चलतलंय."

"तुला शुगर आहे, दशरथ."

"तां माका म्हायत आसा."

"तिलाही होती."

त्याने स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि मोरीत पाय धुवायला गेला.

दशरथ माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तिचं नाव प्रेमा. तो तिला बाय म्हणायचा. कांदिवलीला डोंगराच्या अंगाला आमची चाळ आहे. एका भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या. एकीत मी, एकीत दशरथ आणि त्याची बायको शकु. मी गोरेगावला सिनेमाच्या सेटवर सुतारकाम केलं. ते सुटल्यावर दशरथाच्या मंडपाच्या कामात हात लावू लागलो.

दशरथ पोरगा होता तेव्हा बांबूवरून खाली पडला होता. डोक्यावर आपटला. डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा प्रेमाने देवीला बोलून ठेवलं, माझा भाऊ उठू दे, मी जगेन तोवर दर नवरात्रात पायात काही घालणार नाही. दशरथ उठला. प्रेमा चालत राहिली. पुढे तिला शुगर निघाली, पाय बधिर झाले, तरी ती चालली. एका नवरात्रात काचेचा तुकडा तळव्यात गेला. तिला कळलं नाही, आम्हालाही कळलं नाही. दसऱ्याला चपला माळ्यावरून काढायच्या असतात. त्या दसऱ्याला तिच्या पायाला हे एवढं बँडेज होतं. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखाली पाय गेला, आणि पुढच्याच्या पुढच्या चैत्रात ती गेली. तिचं पुडकं माळ्यावरच राहिलं. मी ते उघडलं नाही आणि टाकलंही नाही.

मागचं नवरात्र वर्षाच्या आत आलं म्हणून घरात काहीच केलं नव्हतं. यंदा दशरथाला नेम आठवला. आठवला म्हणजे काय, तो विसरलाच नव्हता.

शकु कामावरून आली. ती वरच्या टॉवरमध्ये दोन घरी पोळ्या करते. पिठाचे हात धुतले तरी नखांत पीठ राहतंच. तिला मी सांगितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"अहो, तुमका येड लागला?"

"बाय माज्यासाठी चल्ली. तिचो नेम मी मोडूक देवचंय नाय."

"आणि मी काय करू? माका दिसता तरी काय?"

शकुच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दिवाळी झाली की ऑपरेशन करू, असं दर वर्षी ठरतं.

"रोज संध्याकाळी पाय दाखवायचा," मी म्हटलं. "मला."

दशरथ एकदम मागे सरकला. "तुमका नाय. तुमी भावजी. तुमी माज्या पायाक हात लावलात तर माका पाप लागात."

हे तो उगाच म्हणत नव्हता. आमच्या लग्नात प्रेमाच्या वडिलांनी माझे पाय धुतले, तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन दशरथ उभा होता. अर्ध्या चड्डीतला पोरगा. तेव्हापासून आजपर्यंत त्याने माझ्यासमोर कधी पाय पसरले नाहीत. जेवताना ताटाला पाय लागला तर ताटाला नमस्कार आणि मला नमस्कार. सणाला मीच वर पाटावर बसायचो आणि तो खाली. अशा माणसाचा पाय मी मांडीवर घ्यायचा, हे त्याच्या कल्पनेतच बसत नव्हतं.

शेवटी ठरलं की शकु बघेल.

---

प्रेमा आजारी पडली तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडे आला. ती खाटेवरून सांगायची, मी करायचो. ती गेल्यावर मी दशरथाला माझ्याकडेच जेवायला घातलं. शकु सकाळी लवकर निघते, आणि घरी कोणी नसलं की हा माणूस पातेल्यातला गार भात आणि त्यावर रात्रीची कढी ओतून जेवतो. माझ्याकडे नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, शेवग्याच्या पाल्याची नाहीतर मेथीची भाजी, काकडी, आणि भात एक वाटी. तोही भाजी आणि डाळ खाऊन झाल्यावर शेवटी.

"भावजी, पोट इचारता, जेवलो खय अजून?" तो म्हणायचा.

"पोटाला सांग, भावजींनी नाही म्हटलं."

"पोट तुमका भिता. जीभ भीना नाय."

असं चाललं होतं. त्याची शुगर उतरली होती. डॉक्टरने पाठ थोपटली तेव्हा तो चाळभर सांगत फिरला होता. नवरात्र आलं आणि त्या सगळ्यावर पाणी पडायची पाळी आली, कारण नेमात उपासही होता. प्रेमा नऊ दिवस एकवेळ फराळ करायची.

मी भांडलो. साबुदाणा नाही, बटाटा नाही, रताळं नाही, म्हटलं. राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची भाजी, काकडीत दाण्याचं कूट, ताक, वरी खायची तर वाटीभरच. आणि एकवेळ नाही, तीन वेळा थोडं थोडं. गोळी घेतलीस की त्यावर खायचंच.

"तो उपास कसलो? ता जेवाणच झाला."

"देवीला चालतं."

"तुमका कोणी सांगितला?"

"तुझ्या बायने," मी म्हटलं. खोटं होतं ते. पण त्याने ते मानलं.

---

आमचं काम कॉलनीच्या मंडळाचं होतं. देवीचा मंडप उभा राहिला होता, पुढची कमान राहिली होती. अष्टमीच्या होमासाठी मैदानाच्या कडेला वेगळी पत्र्याची शेडही घालायची होती, कारण कापडाखाली होम करायला मंडळ तयार नव्हतं.

पहिल्या माळेला आम्ही चालत निघालो. ऑक्टोबरचं ऊन. हवा जागची हलत नव्हती. दशरथ अनवाणी पुढे आणि मी चपला घालून मागे. वाटेत बायका भेटत होत्या, बऱ्याचजणी अनवाणीच. त्या दशरथाच्या पायाकडे बघून मान डोलवत. कोणी म्हणाली, "बहिणीचा नेम चालवतोय, असा भाऊ मिळायला नशीब लागतं." मी खाली बघून चालत होतो. माझी नजर त्याच्या पुढच्या पावलाखालच्या जमिनीवर होती.

सेटवर आम्ही एक करायचो. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून सुतळीला बांधायचं आणि काम संपलं की जमिनीवरून फिरवायचं. चुका, खिळे, पिना सगळं उचललं जातं. तसं एक चुंबक माझ्या पिशवीत होतं. कमानीखाली मी ते दिवसभर ओढत होतो. मंडळाची पोरं हसली.

"बाळकाका, कुत्रा फिरवायला आणलात काय?"

"चावत नाही," मी म्हटलं. "लोखंड खातो फक्त."

चुंबकाला मूठमूठ माल लागत होता. वाकडे खिळे, तारेचे तुकडे आणि सगळ्यात जास्त टॅकरच्या पिना. कापड लाकडावर मारायला आता टॅकरच वापरतात, हातात धरून खटखट दाबायचं. अर्ध्या पिना लाकडात जातात, अर्ध्या खाली पडतात. दोन टोकं वर करून पडतात.

संध्याकाळी शकुने दशरथाचा पाय ट्यूबलाइटखाली धरला. तोंड अगदी जवळ नेलं.

"काय आसा?" त्याने विचारलं.

"काय नाय."

मी दारात उभा होतो. तिच्या डोळ्यांत ट्यूबलाइटचा पांढरा डाग दिसत होता. तिला काय दिसलं असेल ते मला कळलं. पण मी जवळ गेलो की दशरथ पाय लुंगीखाली ओढून घ्यायचा.

---

तिसऱ्या माळेला तो सकाळी उठून आधी देवळात गेला. तिथे बराच वेळ रांग. तिथून परस्पर मंडपावर. मी डबा घेऊन पोचलो तेव्हा तो शिडीवर होता, कमानीच्या माथ्याला झालर मारत होता.

"खाल्लंस?"

"खाली उतारलंय की खातंय."

"गोळी घेतलीस?"

"घेतली मगाशीच."

मी डबा खाली ठेवला. वर बघतो तर त्याचा हात थांबलेला. टॅकर हातात होतं आणि तो कापडाकडे नुसता बघत होता, जणू ते कापड कशाला आहे हे आठवत नव्हतं. शर्ट पाठीला चिकटलेला. कपाळावरून घाम नाकावर येऊन टपटप गळत होता. उन्हाचा घाम असा येत नाही. प्रेमाला असा यायचा.

"दशरथ, खाली ये."

"येतंय," तो म्हणाला आणि एक पाय हवेत टाकला.

मी शिडीवर चढलो आणि त्याला कमरेला धरलं. पोरांनी खालून शिडी धरली. खाली आणून बसवला तेव्हा त्याचे ओठ थरथरत होते. चहावाल्याकडून मूठभर साखर मागून पाण्यात ढवळली आणि त्याच्या तोंडाला लावली.

"उपास…" तो म्हणाला.

"पी, मेल्या!"

तो प्यायला. अर्धं अंगावर सांडलं. थोड्या वेळाने डोळ्यांत ओळख आली. मग मी त्याला केळं दिलं, मग भाकरी.

तेवढ्यात मंडळाचा सेक्रेटरी विद्याधर आला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. माणूस वाईट नाही, पण त्याला कमान संध्याकाळपर्यंत हवी होती. त्याने शिडीकडे पाहिलं, अर्धवट लोंबणाऱ्या झालरीकडे पाहिलं.

"काय यार दशरथकाका, साखरेचा माणूस शिडीवर कशाला चढतो? उद्या काही झालं तर माझी वाट लागेल ना. झेपत नसेल तर आधी सांगायचं. दुसरे लोक आहेत."

दशरथ उठायला लागला. बांबू धरून उभा राहिला.

"झेपता, सायेब. झालाच आता."

"बसा, बसा. पोरांना सांगतो मी." विद्याधर दोन पावलं गेला आणि परत आला. "आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी केलीय, पाठवू का प्लेट?"

"नको," मी म्हटलं.

"मी तुम्हाला नाही विचारलं, काका."

झालर पोरांनी लावली. वाकडी लावली. दशरथ खाली बसून बघत राहिला. त्या दुपारी मैदानात हिरवं कार्पेट पसरलं. चुंबक फिरवायचं राहून गेलं. कार्पेट पडलं आहे, आता खाली काय लागणार, असं मला वाटलं. पण पोरं वरून टॅकर मारत होती, आणि पिना कार्पेटच्या केसांत पडत होत्या.

---

पाचव्या माळेला पत्रे आले. शेडचा सांगाडा उभा होता. पत्रे मैदानात उन्हात पसरून ठेवले होते. मी एकाचं टोक धरायला वाकलो आणि हात झटकन मागे घेतला. तव्यासारखा तापला होता.

दशरथ पलीकडून आला आणि त्या पत्र्यावर उभा राहिला.

उभा राहून तो वर बघत होता, कुठला पत्रा कुठे बसेल ते बोटाने मोजत होता. मी त्याच्या पायांकडे बघत होतो. तो हलला नाही. पाय उचलला नाही. एका पायावरून दुसऱ्या पायावरही गेला नाही. घरात जमिनीवर उभं राहावं तसा उभा होता.

"दशरथ, उतर."

"काय झाला?"

"उतर आधी."

तो उतरला आणि माझ्या तोंडाकडे बघू लागला. मग वाकून त्याने पत्र्याला हात लावला. हातही त्याने झटकन मागे घेतला. बराच वेळ तो त्या हाताकडे बघत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही.

"चप्पल घाल," मी म्हटलं. "देवीला मी सांगतो."

"तुमी कोण सांगणारे? नेम माजो आसा."

"माझी बायको गेली त्यात."

"माजी बाय गेली, भावजी," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ती माज्यापायी गेली. तुमी बोलणास नाय, पण तुमच्या मनात आसा तां. चाळीतल्या सगळ्यांच्या मनात आसा. मग मी चपला घालून फिरू?"

माझ्या मनात ते होतं की नव्हतं, हे मी कधी तपासून बघितलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही पत्रे चढवले आणि घरी आलो. तो पुढे होता. त्याचा डावा पाय किंचित बाहेर पडत होता. दुखत असल्यासारखा नाही. नीट न बसणाऱ्या चपलेत पडतो तसा.

---

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तो माझ्या मोरीत पाय धुऊन बाहेर आला आणि जेवायला बसला. मी भाकरी थापत होतो. मोरीपासून पाटापर्यंत फरशीवर त्याच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. उजवा स्वच्छ. डाव्याच्या चवड्यापाशी एक ठिपका. पुढच्या डाव्यावर पुन्हा ठिपका. त्याच्या पुढच्यावरही. लालसर, मध्ये पिवळट.

मी गॅस बंद केला. वाकून नाक फरशीजवळ नेलं. तो वास मला माहीत होता. कितीही फिनेल टाकलं तरी ज्या खोलीत तो एकदा येतो तिथून लवकर जात नाही.

"शकु!" मी भिंतीवर हात मारला. ती धावत आली. मी तिला ठसे दाखवले. तिने डोळे बारीक केले, फरशीला बोट लावलं आणि बोट नाकाशी नेलं. मग ती खाली बसलीच.

"रोज बगतंय मी," ती म्हणाली. "देवाशपथ रोज बगतंय. माका दिसना नाय हो भावजी. मी आपली काय नाय, काय नाय म्हणतंय."

"दशरथ, पाय दाखव."

"दुखना नाय माका." त्याने पाय लुंगीखाली घेतला होता. "कायव नाय तां. खरचाटला आसात."

"प्रेमालाही दुखत नव्हतं."

"तुमी हात लावूचो नाय. तुमका बायची आण आसा."

मी त्याच्यापेक्षा थोराड आहे. पाय ओढून घेता आला असता. पण तिची आण घातल्यावर माझा हात पुढे जाईना. ताटातली भाकरी निवत होती. शकु पदर तोंडाला लावून रडत होती.

तेव्हा मला आरसा आठवला.

प्रेमाचा एक पाय गेल्यावर डॉक्टरने दुसऱ्यासाठी सांगितलं होतं, की वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवायचा, पाय त्याच्यावर धरायचा आणि रोज बघायचं. ती रोज बघायची. उरलेल्या पायाला शेवटपर्यंत ओरखडाही आला नाही. ती गेल्यावर मी तो आरसा कपाटात तिच्या साड्यांखाली पालथा ठेवला होता. साड्या बाजूला करून मी तो काढला. काचेवर तिच्या बोटाचा डाग होता. तो मी पुसला नाही.

आरसा मी पाटासमोर फरशीवर ठेवला आणि मागे सरकून भिंतीला टेकून बसलो.

"मी हात लावत नाही. कोणीच लावत नाही. तूच बघ. हा तुझ्या बायचा आहे."

त्याने आरशाकडे बघितलं. मग लुंगी वर घेतली, दोन्ही हातांनी डावा पाय उचलला आणि आरशावर धरला. मान वाकवून बघितलं. मला आरसा दिसत नव्हता, त्याचं तोंड दिसत होतं. तोंडावरचं रक्त उतरत गेलं.

"पीन आसा," तो म्हणाला. "भावजी, आख्खी पीन आसा आत. भोवती पांढरा झाला सगळा."

"कधीची?"

"माका काय म्हायत?" तो म्हणाला, आणि मग लहान पोरासारखा ओरडला, "माका काय म्हायत, कधीची ती!"

---

पालिकेच्या इस्पितळात त्याला त्याच संध्याकाळी ठेवून घेतलं. रिक्षापर्यंत तो चालत येत होता, मी येऊ दिलं नाही. चाळीतल्या दोघांनी खुर्चीवर बसवून नेला. बायका दारात उभ्या होत्या. या वेळी कोणी मान डोलवली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पीन काढली, कुजलेलं कापलं. तळव्याला पत्र्याचे फोड होते ते वेगळेच. कापताना तो छताकडे बघत पडला होता. त्याला काही कळत नव्हतं. कळणाऱ्या माणसाला चार जणांनी धरावं लागलं असतं.

"हाडापर्यंत गेलंय का, ते आत्ताच सांगता येणार नाही," बाई मला म्हणाल्या. "शुगर ताब्यात ठेवा. जखम रोज बघा. आतलं मांस लाल दिसलं तर चांगलं. काळं दिसलं तर थांबू नका, लगेच घेऊन या."

काळं म्हणजे काय, ते त्यांना मला समजावून सांगायची गरज नव्हती.

अष्टमीला विद्याधर भेटायला आला. सफरचंदं घेऊन आला होता. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि बँडेजकडे बघून लगेच खिडकीकडे बघू लागला.

"कार्पेट सगळं झाडून घेतलं, काका," तो म्हणाला. "डबाभर पिना निघाल्या. पोरंसोरं खेळतात ना तिथे."

"होम झालो?" दशरथाने विचारलं.

"झाला. शेड झकास झाली. मंडपात जराही धूर आला नाही."

दशरथ हसला. मग म्हणाला, "झालर वाकडी लावलानी पोरांनी. ती सरळ करून घेवा."

इस्पितळातही त्याचं एक चालूच होतं, की नेम मोडला, मध्येच मोडला. खाटेवर पडून माणूस अनवाणीच असतो, हे मी सांगून बघितलं. ते त्याला पटलं नाही. शेवटी शकु बोलली. ती फारशी बोलत नाही.

"वन्संन नेम कित्याक धरल्यान? तुमी जगाक होये म्हणान. आणि तुमी तोच नेम धरून मरूक बसलास? त्येंका काय वाटात?"

मग ती देवीकडे गेली. प्रेमाची एक हिरवी साडी माझ्याकडून मागून घेतली, खण-नारळ घेतला आणि देवीची ओटी भरून आली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "फिटलो नेम. देवीक दिसता सगळा. तिका मोतीबिंदू नाय."

---

दसऱ्याला सकाळी त्याला घरी आणलं. दाराला तोरण लावलं. शकुने श्रीखंड आणलं नाही. मी मुगाचं घावन केलं, वर पालक. त्याने इस्पितळात सुरू झालेलं इन्सुलिन पोटात टोचून घेतलं आणि मग मुकाट्याने खाल्लं. भात मागितला नाही.

मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरून दोन्ही पुडकी काढली. दशरथाचं सोडलं, चपला त्याच्या खाटेजवळ ठेवल्या. त्याने उजवी पायात घातली. डावीत बँडेजचा पाय जाणार नव्हता. ती त्याने उजवीच्या बाजूला नीट लावून ठेवली.

मग मी प्रेमाचं पुडकं सोडलं. कागद पिवळा पडला होता. सुतळी दाताने तोडावी लागली. चपलांवर अजून तिच्या पायांचे ठसे होते, दोन्ही पायांचे. मी त्या घेऊन थोडा वेळ बसलो. मग पुसल्या आणि दारात ठेवल्या. इतके दिवस त्या तिथेच असायला हव्या होत्या.

ड्रेसिंग करायची वेळ झाली. शकुने गरम पाणी, कापूस, मलम आणून ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांनी ते होणार नव्हतं, हे आता तीही बोलून दाखवत होती. मी आरसा खाली ठेवला. दशरथाने स्वतःच बँडेज सोडलं. शेवटचा पदर चिकटला होता, तो पाणी लावून ओढला. त्याने पाय आरशावर धरला आणि वाकून बघितलं.

मी आरशाकडे बघितलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"लाल आसा," तो म्हणाला. पुन्हा नीट बघितलं. "एका कडेक जरासा… नाय. लाल आसा. आज लाल आसा."

एका कडेला काय होतं, ते मी विचारलं नाही. नाहीतरी आता बघायचंच होतं मला.

मग त्याने डोळे मिटले. दोन्ही हातांनी पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. तोंड भिंतीकडे फिरवलं. पाय जड होता, आणि गार. मी तो दोन्ही हातांत धरला. कडेचा भाग अंगठ्याने हलकेच दाबून बघितला, मग कापूस घेतला.

दशरथ भिंतीकडे बघत तसाच ताठ बसला होता, काहीतरी होण्याची वाट बघत.

"लावलात हात, भावजी?" त्याने विचारलं.

"केव्हाचा," मी म्हटलं.